जुन्या फोर बाय फोरच्या पोटातला आवाज: क्लचपासून चाकापर्यंत शोध कसा घ्यायचा

जुन्या फोर बाय फोरच्या खालून आवाज यायला लागला की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी लगेच निकाल देतं: ‘डिफरन्शियल गेलं.’ डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांना जोर पोचवताना त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. मीही एकदा तो निकाल मान्य केला होता. गिअर टाकून क्लच सोडला की मागे ‘ठक्क’, थांबताना पुन्हा ‘ठक्क’. दोन सुट्ट्या घालवून मागचं हाउसिंग उघडलं, क्राउन-पिनियनमधला, म्हणजे आतल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांमधला, प्ले (सैलपणा) डायल गेजने मोजला. ०.१८ मिलिमीटर, म्हणजे काहीच तक्रार नाही. सगळं परत बसवून हात पुसत बसलो होतो तेव्हा दिसलं: कमानपाटा जिथे अ‍ॅक्सलवर टेकतो तिथे गंजाच्या कडेने ताज्या धातूची चकचकीत रेघ. यू-बोल्ट सैल होते. जोर आला की अख्खा अ‍ॅक्सल केसभर सरकायचा आणि पाट्यावर आपटायचा. चार नटांचं काम, आणि मी क्राउन बाहेर काढून बसलो होतो.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आवाज कशाच्या मागे जातो ते आधी ठरवायचं, मग भाग हाताने हलवून पाहायचे, मग तेल पाहायचं. उघडाउघडी सगळ्यात शेवटी.

खाली शिरण्याआधी

हा भाग सगळे वगळतात आणि फोर बाय फोरमध्ये फसगत नेमकी इथेच होते. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा. त्याचा लिव्हर न्यूट्रलला असेल तर गाडी गिअरमध्ये उभी करून काही उपयोग नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. दुसरी गोष्ट हँडब्रेकची. जुन्या लँड रोव्हर डिफेंडर किंवा जुन्या जीपसारख्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असतो आणि तो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलकडे जोर नेणारा लांब दांडा, धरून ठेवतो. अशा गाडीचं मागचं एकच चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल त्या चाकाला उलटं फिरायला वाट देतं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी जॅकवरून सरकते. मागचा शाफ्ट काढला तर मागच्या चाकांना हँडब्रेक उरतच नाही.

म्हणून सपाट जागा हवी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत, आणि भार जॅकवर नाही, स्टँडवर. इंजिन चालू, चाकं हवेत फिरतायत आणि आपण खाली, असं कधीही करायचं नाही.

रस्त्यावर, कान उघडे ठेवून

सोबत कुणीतरी घ्या, म्हणजे एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तीन प्रश्नांची उत्तरं हवी आहेत: आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो, गाडीच्या वेगाबरोबर बदलतो, की जोर दिल्या-काढल्यावर बदलतो?

ताशी ५० किलोमीटरला आवाज येत असेल तर त्याच वेगात एक गिअर खाली घ्या. इंजिनचे फेरे वाढतील, वेग तोच राहील. आवाजाचा सूर चढला तर तो इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातला. सूर तोच राहिला तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शियल, बेअरिंग किंवा टायर. मग न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू द्या. इंजिन मात्र बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला तर संशय टायर आणि चाकांच्या बेअरिंगवर, आणि गेला तर जोर वाहून नेणाऱ्या दात्यांवर किंवा जॉइंटवर.

थरथर चाकाची की शाफ्टची, हे थोड्या हिशेबाने कळतं. ३१ इंची टायरचा घेर सुमारे २.४ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाक मिनिटाला साधारण ४१० वेळा फिरतं, सेकंदाला जेमतेम ७ वेळा. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ असेल तर त्याच वेळी शाफ्ट मिनिटाला सुमारे १७०० फेरे घेतो, सेकंदाला २८. चाकाचा दोष त्यामुळे डुगडुग असतो, जवळपास मोजता येईल असा, आणि स्टिअरिंगमध्ये किंवा सीटखाली जाणवतो. शाफ्टचा दोष बारीक झिणझिण्यांसारखा येतो, मोजता येत नाही, आणि तळव्यांना आधी कळतो.

जाड नक्षीचे मड टायर तर स्वभावानेच गुणगुणतात. गुळगुळीत रस्त्यावरून खडबडीत रस्त्यावर गेल्यावर आवाजाची जात बदलली तर तो टायरचा, कारण गिअरच्या दात्यांना खाली कसला रस्ता आहे हे माहीत नसतं. चाकाचं बेअरिंग ओळखायला हलकेच डावी-उजवीकडे झोके द्या. डावीकडे वळताना घरघर वाढली तर भार उजव्या बाजूवर आलेला असतो, म्हणजे बहुधा उजवं बेअरिंग. परत आल्यावर चारही हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, हाताने चाचपा. आधी हात जवळ नेऊन धग पाहा, मगच टेकवा. एकच हब इतरांपेक्षा फार तापला असेल तर तिथे बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक आहे.

शाफ्ट हातात घेऊन

माझ्या मते जुन्या गाडीतल्या खटक्यांचा मोठा वाटा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याच्या दोन टोकांपाशी असतो, म्हणून इथे घाई नको. ठोकळे लावून ट्रान्सफर केस न्यूट्रलला घ्या आणि खाली झोपून शाफ्ट हातात धरा.

आधी क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा. क्रॉसच्या अलीकडचं योक (त्याला धरणारा चिमटा) एका हातात, पलीकडचं दुसऱ्या हातात, आणि दोन्ही एकमेकांविरुद्ध पिळा. मग वर-खाली ढकला. चांगल्या क्रॉसमध्ये काहीही हलताना दिसत नाही. ‘थोडासाच आहे’ असा प्ले क्रॉसमध्ये नसतो. हलला म्हणजे बदलायचा. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या तोंडाशी लालसर, कोरडी भुकटी दिसली तर आतल्या सुया ग्रीसवाचून गंजतायत. हळू चालताना खिडकी उघडी ठेवली की येणारी चिमणीसारखी ‘चिक् चिक्’ याच कोरड्या सुयांची. वेग वाढला की ती ऐकू येत नाही, म्हणून लोक ती बरी झाली समजतात.

ग्रीस भरताना चारही कपांच्या सीलमधून जुनं ग्रीस बाहेर यायला हवं. तीनमधूनच आलं तर चौथा कप कोरडाच आहे. शाफ्ट दुसऱ्या बाजूला फिरवा, त्या कपाच्या दिशेने क्रॉस ढकला आणि पुन्हा भरा. तरी नाहीच आलं तर क्रॉस काढून पाहा.

मग स्लायडिंग योक, म्हणजे शाफ्टचा लांबी कमी-जास्त करणारा खाचांचा भाग. गाडी थांबल्यानंतर क्षणभराने किंवा निघताना येणारा एकच खटका अनेकदा इथला असतो. ब्रेक लावल्यावर कमानपाटे वाकतात, अ‍ॅक्सल थोडा फिरतो, खाचा कोरड्या असल्याने शाफ्ट अडकून राहतो आणि ताण सुटला की एकदम घसरतो. ग्रीसने खटका पूर्ण गेला तर काम झालं. चार दिवसांनी परत आला आणि योक आडवं हलवून पाहिल्यावर हललं, तर खाचा झिजल्यात.

इथे माझीच एक चूक सांगतो. खाचा साफ करायला शाफ्टचे दोन तुकडे वेगळे केले आणि खूण न करता परत बसवले. एका खाचेचा फरक पडला, आणि पूर्वी नसलेली थरथर सुरू झाली. कारण असं, की कोनात वाकलेला क्रॉस फिरताना पुढच्या तुकड्याचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमी-जास्त करतो आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो चढउतार खोडून काढतो. पण त्यासाठी शाफ्टची दोन्ही टोकांची योकं एका रेषेत हवीत आणि दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत. म्हणून काहीही सोडण्याआधी रंगाने ठळक रेघ मारा: दोन तुकड्यांवर आणि फ्लँजवरही. गाडी उंच केल्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर क्रॉस बदलण्याआधी कोन मोजा. नवा क्रॉस चुकीचा कोन सुधारत नाही.

आता डिफरन्शियलच्या तोंडाचा फ्लँज. तो धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. इथे प्ले शून्य हवा. हलला तर पिनियनचं बेअरिंग किंवा नट सैल आहे. फिरवून पाहिल्यावर मात्र थोडा प्ले लागणारच, कारण क्राउन-पिनियन, आतले छोटे गिअर आणि अ‍ॅक्सलच्या खाचा या सगळ्यांचा सैलपणा तिथे एकत्र होतो. फ्लँजच्या कडेवर काही मिलिमीटर हे जुन्या गाडीत दुखणं नव्हे.

खालून बाहेर येण्याआधी फ्लँजचे बोल्ट, यू-बोल्ट, गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग आणि पाट्यांचे बुश पाहून घ्या. गंजावर चकचकीत रेघ दिसली की तिथे काहीतरी हलतंय.

तेल काय सांगतं

पहिला नियम: भरायचा प्लग आधी सोडा, रिकामा करायचा नंतर. वरचा प्लग गंजून बसलेला असेल आणि तेल आधीच खाली सांडलं असेल तर कोरडी गाडी घेऊन बसावं लागतं. गाडी सपाट उभी असताना तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवं. करंगळी वाकवून घाला, टोक भिजलं पाहिजे.

प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर आला तर तो नेहमीच्या झिजेचा. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण, चकत्यांसारखे तुकडे किंवा तुटक्या सुया मिळाल्या तर गाडी चालवणं थांबवा. गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चमक दिसली तर ती पितळी सिंक्रो रिंगांची, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्यांची.

तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय, आणि नुसतं सील बदलून ते थांबणार नाही. अ‍ॅक्सल चालून तापलेला असतो, तुम्ही ओढ्यात उतरता, आतली हवा एकदम थंड होऊन आकसते. बाहेरची हवा आत यायला ब्रीदर नावाची बारीक वाट असते, पण ती चिखलाने बुजली असेल तर अ‍ॅक्सल सीलच्या ओठांमधून पाणी ओढून घेतो. ब्रीदर काढून फुंकून पाहा. मग त्याला लांब नळी जोडून तिचं तोंड इंजिनच्या कप्प्यात उंचावर न्या. खोल पाण्यातून गेल्यावर अ‍ॅक्सलचं तेल पाहायचंच, वेळापत्रकात त्याची पाळी असो-नसो.

गिअरबॉक्समध्ये तेल जास्त आणि ट्रान्सफर केसमध्ये कमी, किंवा उलट, असं आढळलं तर दोघांमधलं सील गळतंय. खाली थेंबही पडत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो आणि एक डबा कोरडा पडल्यावर उघडा होतो.

तेलाची जात महत्त्वाची आहे. डिफरन्शियलच्या हायपॉइड दात्यांना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. तेच जुन्या गिअरबॉक्समध्ये घातलं तर त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रोला मारक ठरू शकतात. तिथे बहुधा जीएल-४ सांगितलेलं असतं, आणि काही गिअरबॉक्सना तर ऑटोमॅटिकचं पातळ तेल लागतं. गाडीची पुस्तिका उघडा, शेजाऱ्याचं ऐकू नका. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलला वेगळं तेल किंवा मिश्रण लागतं, नाहीतर वळणावर ते कुरकुरतं.

क्लच आणि गिअरबॉक्स

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. पेडल मोकळं असताना घरघर आणि दाबल्यावर गप्प: गिअरबॉक्सच्या इनपुट किंवा ले-शाफ्टचं (आतल्या जोडदांड्याचं) बेअरिंग. पेडलवर पाय टेकताच आवाज सुरू: रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण खाली, गिअर टाकलेला आणि तेव्हाच किंचाळी: फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग.

रिव्हर्स टाकताना कचकच होत असेल तर पेडल दाबून पाच सेकंद थांबून टाका. तरीही कचकच झाली तर क्लच पूर्ण सुटत नाही. गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लचचा अप्पर आणि लोअर सिलिंडर पाहा. लोअरचं रबरी टोपण उचलल्यावर आत ओल असेल तर उत्तर मिळालं. उलट, वरच्या गिअरमध्ये ताशी ४०-५० किलोमीटरला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर फेरे चढले आणि वेग नाही, तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करा.

फोर बाय फोरवाल्यांकडे एक सोय आहे जी इतरांकडे नाही. ठोकळे लावून ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाका आणि उभ्या गाडीत गिअरबॉक्सचे एकेक गिअर एक-दोन मिनिटं चालवून ऐका. चाकं, शाफ्ट, डिफरन्शियल सगळं स्थिर असतं, त्यामुळे आवाज आला तर तो गिअरबॉक्सचा किंवा ट्रान्सफर केसच्या इनपुटचा. पुष्कळ जुन्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो. बाकीच्यांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल तर ले-शाफ्टकडे बघा.

ट्रान्सफर केस आणि पुढची चाकं

फोर-व्हीलचा लिव्हर निघत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा दोषच नसतो. पार्ट-टाइम गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. मातीवर टायर घसरून हिशेब चुकता होतो, कोरड्या डांबरावर तो ताण शाफ्टमध्ये साठत जातो आणि लिव्हर जखडतो. काही मीटर सरळ रिव्हर्स घ्या, तो सुटेल. हातोडी घेऊ नका. सरळ चालतानाही जखडत असेल तर पुढच्या-मागच्या टायरांचा घेर मोजा. नवे टायर मागे आणि झिजलेले पुढे, एवढ्यानेही हे होतं.

उतारावर लो रेंज आपोआप निसटत असेल तर आधी लिव्हरचे सांधे आणि माउंटिंग पाहा, कारण गिअरबॉक्स झुकला की लिव्हर पूर्ण बसत नाही. मग फोर्क जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग. ती पुष्कळदा बाहेरूनच निघते. दाते गोलावले असतील तरच केस उघडावी लागते. चेनवाल्या ट्रान्सफर केसमध्ये भर जोरात ‘धाड्’ असा उडीचा आवाज आला तर चेन सैल झालीय. जुन्या जीपची डाना १८ किंवा सुझुकी सामुराईची केस गिअरवर चालते, तिथे हा संशय घेऊ नका.

लिव्हर टाकला तरी पुढची चाकं ओढत नाहीत? गाडी मऊ मातीवर हळू चालवून सोबत्याला दुरून पुढच्या शाफ्टकडे पाहायला सांगा. शाफ्ट फिरतोय पण चाकं ओढत नाहीत, तर दोष पुढच्या हबकडे, म्हणजे चाक शाफ्टला जोडणाऱ्या-सोडणाऱ्या लॉककडे. दोन्हीपैकी एकच हब लॉक झाला नसेल तरी साध्या डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकं निकामी होतात, कारण सगळी फिरकी मोकळ्या बाजूने निघून जाते. दोन्ही पुढची चाकं उचलून एकेक फिरवा: लॉक केल्यावर आतला शाफ्ट सोबत फिरलाच पाहिजे. व्हॅक्यूमवर चालणारी यंत्रणा असेल तर आधी तडकलेली नळी शोधा.

पुढचं चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले आला तर तो बेअरिंगचा की किंगपिनचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याचा? सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. नकलमधलं (चाक वळवणाऱ्या सांध्यातलं) घट्ट ग्रीस पातळ रशासारखं झालं असेल तर आतलं सील गळून डिफरन्शियलचं तेल तिथे येतंय. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना ‘कट् कट् कट्’ आलं तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा.

डिफरन्शियल उघडायचंच असेल तर

जोर देताना हुंकार आणि जोर काढल्यावर शांतता, किंवा याच्या उलट, म्हणजे दात्यांच्या एकाच बाजूची झीज किंवा बिघडलेली बैठक. सतत घरघर म्हणजे बेअरिंग. पिनियन क्राउनच्या चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्या बेअरिंगचा सूर उंच असतो. खात्री करायला पार्ट-टाइम गाडीत पुढचा शाफ्ट काढून टू-व्हीलमध्ये चालवून पाहा. आवाज गेला तर तो पुढचा होता.

बेअरिंगच्या टोप्यांवर काढण्याआधी पंचने खुणा करा. डावी-उजवी बदलली तर बसत नाहीत. शिमा (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकत्या) ज्या बाजूच्या त्या बाजूला ठेवा. पिनियनचं सील बदलताना नट सोडण्याआधी त्याची जागा आणि आट्यांची संख्या नोंदवा. आत क्रश स्लीव्ह (आवळताना दबणारी नळी) असेल आणि नट जास्त आवळला तर बेअरिंगवरचा दाब वाढतो, आणि नट सैल करून तो परत येत नाही. नवी स्लीव्हच लागते. क्राउन-पिनियन जोडीनेच बदलायचे, आणि ती बैठक लावणं हे डायल गेज, रंग आणि अनुभवाचं काम आहे. मी ते स्वतः करत नाही.

वाटेत तुटलं तर

गिअरमध्ये क्लच सोडला, मागचा शाफ्ट फिरतोय आणि गाडी जागची हलत नाही: मागचा हाफ-शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा, तुटलाय. फोर-व्हील टाका, पुढची चाकं ओढतील. आता मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग आहे की सेमी, हे पाहा. हबच्या मध्यावर बोल्टांचं वर्तुळ असलेली टोपी बाहेर आलेली असेल तर बहुधा फुल फ्लोटिंग. चाकाचा भार हबवर असतो, शाफ्ट फक्त फिरवतो. तो काढून भोक झाकून घ्या, नाहीतर तेल वाहून जाईल. मागचा प्रोपेलर शाफ्ट फ्लँजवर बसलेला असेल तर तोही काढा आणि पुढच्या चाकांवर सावकाश परत या. सेमी फ्लोटिंग असेल तर चाक त्या तुटक्या शाफ्टनेच धरलेलं असू शकतं, आणि ते शाफ्टसकट बाहेर पडू शकतं. तिथे गाडी चालवायची नाही, उचलून न्यायची.

पुढचा सीव्ही तुटला असेल तर काम सोपं आहे: दोन्ही हब मोकळे करा, लिव्हर टू-व्हीलला घ्या आणि निघा.